रुग्णाने अभिवादन केले

माझ्या शिक्षणाच्या काळात ज्या एका गोष्टीसाठी माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं, तिचीच मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते. कौतुक करणारी माणसं जाणती होती. त्यांची काही चूक नव्हती. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी मत दिलं. गोम माझ्या सांगण्यात होती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. बारामतीच्या एका कॉलेजात मी मानसशास्त्र शिकवत होते आणि सोबत मनोविश्लेषक व्हायचं प्रशिक्षण घेत होते. हा शब्द स्टाफरूममध्ये उच्चारला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, "मग आमचं स्वप्न सांगा बरं काय म्हणतंय." दुसरी, "आमच्या ह्यांना आधी घ्या, फार गरज आहे." मराठी शिकवणाऱ्या बाई माझ्या जवळच्या होत्या. आम्ही दोघी रोज डबा वाटून खायचो. त्या म्हणायच्या, "तू बोलत तर काही नाहीस, नुसती बघतेस. आम्हाला काय झालंय ते तरी सांग." मी हसायची. हसून वेळ मारून नेण्यात मी पटाईत होते.

प्रशिक्षण मुंबईत होतं. शुक्रवारी शेवटचा तास संपला की एसटीनं पुणं, तिथून मुंबई, आणि रविवारी परत. तिथे आधी स्वतःच कोचावर आडवं व्हायचं आणि मनात येईल ते सगळं बोलायचं. काही वगळायचं नाही, हाच करार. मग सुपरवायझर बाईंकडे जाऊन आपल्या रुग्णाची टिपणं वाचायची. महिन्यातून एकदा सगळ्या विद्यार्थ्यांसमोर कुणीतरी आपली केस मांडायचं. मला बारामतीतच एक रुग्ण घ्यायची खास परवानगी मिळाली होती. आठवड्यातून चार दिवस, दर खेपेस पन्नास मिनिटं, निदान वर्षभर. तेवढा तो टिकला तर केस धरली जाणार, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

वरकुट्याला घरी गेले की लोक तात्यांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारायचे, "मास्तर, लेक आता काय शिकती म्हणं?" तात्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "लोकांचं ऐकून घ्यायला शिकती." त्यावर आत्या एकदा म्हणाली, "त्याला ममईला कशाला जायला पायजे? मी हितं रोज जावंचं ऐकतीच हाय की." सगळे हसले, मीही हसले. तात्यांची एक सवय मला तेव्हा फार लांबण लावणारी वाटायची. रस्त्यात कुणीही 'जय भीम' म्हटलं की ते सायकलवरून उतरायचे, एक पाय जमिनीला टेकवायचे, आणि मगच उलट 'जय भीम' म्हणायचे. लहान पोरानं म्हटलं तरी उतरायचे. बाजाराला जाईपर्यंत दहा वेळा उतरणं व्हायचं.

आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासूनची तिसरी पिढी मी. घरी यात लपवण्यासारखं कधी काही नव्हतं, उलट अभिमानच होता. लपवायला मी बारामतीत शिकले.

आमच्या भागात दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली की पहिला प्रश्न 'गाव कुठलं?' आणि दुसरा 'कुणाच्या तुमी?' या दोन उत्तरांत सगळं येतं. भावकी येते, सोयरीक येते, आणि बाकीचंही येतं. आमचं आडनाव असं की ते पाटलांच्या आळीतही सापडतं आणि आमच्या वस्तीतही. त्यामुळे खोली भाड्यानं घेताना घरमालकांनी परस्परच काहीतरी धरून घेतलं, आणि मी ते तसंच राहू दिलं. स्टाफरूमनंही धरून घेतलं. संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की मी जायची, वाण घेऊन यायची. खोटं मी एकदाही बोलले नाही. फक्त विषय तिकडे वळला की मला वर्गावर जायची आठवण व्हायची.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? घरमालकांनी खोली सोडायला सांगितली असती कदाचित. मराठीच्या बाईंनी डबा वाटून घेणं थांबवलं असतं? मला आजही तसं वाटत नाही. पण मी पडताळून पाहिलं नाही. चार वर्षं त्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली आणि त्यांच्यावर तेवढा विश्वास टाकला नाही.

आणि मग हा नियम माझ्या हाती आला. विश्लेषकानं स्वतःबद्दल काही सांगायचं नाही. गाव नाही, घर नाही, आवडनिवड नाही. रुग्णानं विचारलं तर उत्तर न देता, त्याला हे का विचारावंसं वाटलं ते शोधायचं. बाहेर गाठ पडली तर ओळख दाखवायची नाही. या नियमामागे मोठा विचार आहे आणि तो मला आजही पटतो. पण तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला पटणंबिटणं काही झालं नाही, हायसं वाटलं. माझे सहाध्यायी कुरकुर करायचे, की गप्प बसणं फार जड जातं. मला मुळीच जड गेलं नाही. सुपरवायझर बाई म्हणाल्या, तुझ्यात हे उपजत आहे.

स्वतः कोचावर आडवी व्हायची तेव्हा मी काय काय बोलले नाही! आईचा राग, भावाचा हेवा, एका वर्गमित्रावरून झालेली फजिती, लाजिरवाणी स्वप्नं. माझे विश्लेषक वयस्कर गृहस्थ होते, ते मागे बसून ऐकायचे. तीन वर्षांत मी त्यांना आमची वस्ती गावाच्या कुठल्या बाजूला आहे हे सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही. सगळं बोलायचा करार होता आणि मी तो पाळते आहे असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

माझा रुग्ण अठ्ठावीस वर्षांचा होता. एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात मशीनवर होता. पहिली पाळी सुटली की मोटारसायकलवर यायचा, अंगाला दुधाच्या पावडरीचा वास असायचा. त्याचा त्रास असा, की चारचौघांत त्याला घास गिळता येत नव्हता. घसा आवळायचा, डोळ्यांत पाणी यायचं, कधी ठसका लागून घास बाहेर यायचा. एकटा असला की व्यवस्थित जेवायचा. कॅन्टीनमध्ये न जाता तो बॉयलरच्या मागे उभ्यानं भाकरी खायचा. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, काही सापडलं नाही, म्हणून माझ्याकडे पाठवलं. त्याच डॉक्टरांच्या दवाखान्याची मागची खोली मला मिळाली होती. एक दिवाण, त्याच्या उशाशी मागे एक खुर्ची, खिडकीला पडदा.

घरचे त्याच्यासाठी मुली बघत होते. "मॅडम, लोक पोरीला बघायला जात्यात," तो म्हणाला, "आन् हितं समदी मलाच बघत्यात. पोह्याची बशी हातात देत्यात. मी म्हणतो पोट भरलंय. तीन जागी आसंच झालं. आता म्हणत्यात, नवऱ्या मुलाला कसलातरी रोग हाय."

त्याला काय हवं होतं ते त्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. पंगतीत बसून, माणसांच्या मधे, पोटभर जेवायचं. बाकी काही नको.

बाईमाणसासमोर आडवं होणं त्याला जमेना. दोन आठवडे दिवाणाच्या कडेला बसूनच बोलला. मग एक दिवस चपला बाहेर काढून आला, पाय पोटाशी घेऊन आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मॅडम, तुमचं गाव कुठलं?"

मी मनात दहा अंक मोजले आणि म्हणाले, "माझं गाव कुठलं असेल असं तुम्हाला वाटतं?"

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. सहज इचारलं."

दोन-तीन महिन्यांनी तो शाळेचं बोलायला लागला. त्याच्या शाळेत माठ होता. माठाला हात लावायचा नाही असं कुणी कधी म्हटलं नव्हतं, कायद्यानं म्हणताच येत नव्हतं. फक्त दुपारी शिपाई स्वतः उठायचा आणि त्याच्यासारख्या चार-पाच पोरांना ओंजळीत वरून पाणी ओतायचा. धार जोरात यायची, नाकात जायची, ठसका लागायचा, आणि वर्ग बघत असायचा. एवढं सांगून तो थांबला. म्हणाला, "फुडचं तुमाला ठाऊकच हाय की."

मला ठाऊक होतं. माझ्या शाळेत माठ नव्हता, बादली होती, एवढाच फरक. तात्या त्याच तालुक्यात मास्तर असून बादली होती. माझी ओंजळ मला दिसत होती. मी म्हणाले, "मला काय ठाऊक असेल असं तुम्हाला वाटतं?"

आणि त्या माणसाला मी ते सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला लावलं. आम्ही कोण, आमची वस्ती कुठं, शिपाई आमच्याच ओंजळीत का ओतायचा. त्यानं सांगितलं, बाहेरगावच्या पाहुण्याला सांगावं तसं, एकेक शब्द जपून. मी मागे बसून ऐकत होते. नियम असं सांगतो की आपल्याला माहीत आहे असं गृहीत धरू नये. नियम बरोबर आहे. पण मी नियमासाठी विचारलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

तरीही तो बरा होत गेला. माणूस बोलायला लागला की माझ्यासारखीच्या हातूनही तो थोडा बरा होतो. आठव्या महिन्यात तो एकदा उठून माझ्यासमोर तांब्याभर पाणी प्यायला, मधे दोनदा थांबून. दहाव्या महिन्यात कॅन्टीनमध्ये चहा घेतला. अकराव्यात पाव खाल्ला, मित्राकडे पाठ करून. हे सगळं तो मला निकालाचे मार्क सांगावेत तसं सांगायचा आणि मला खोलीतून बाहेर पडल्यावर एकटीलाच हसू यायचं.

वर्ष भरलं त्याच्या पुढच्या महिन्यात आमच्या कॉलेजातल्या हेडक्लार्कच्या मुलीचं लग्न इंदापूरला होतं. मे महिना, रणरणतं ऊन, हायवेला लागून असलेलं मंगल कार्यालय. आम्ही स्टाफमधल्या पाच-सहा जणी जीप करून गेलो. नवरा मुलगा एमआयडीसीतला, दुधाच्या कारखान्यातलाच, हे मला तिथे गेल्यावर कळलं. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि समोरच्या ओळीत, कारखान्यातल्या पोरांच्या मधोमध, मला तो दिसला.

मी खांबाच्या आड झाले आणि बघत राहिले. हे मी करायला नको होतं, पण मला राहवलं नाही. पत्रावळीवर मसालेभात आला, वांग्याची भाजी आली, बुंदी आली. त्यानं पहिला घास उचलला, तोंडाशी नेला, आणि थांबला. शेजारचा पोरगा त्याला काहीतरी सांगून हसत होता. तोही हसला आणि त्या हसण्यात घास गेला. मग दुसरा गेला. मग तो जेवायलाच लागला. वाढप्याला हात करून त्यानं पुन्हा मठ्ठा मागितला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी घामाबरोबर पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की मला हे काम येतं.

ती पंगत उठली तेव्हा आम्ही बायका मांडवाच्या तोंडाशी उभ्या होतो. मराठीच्या बाई माझ्या हाताला धरून कुणाच्या तरी पैठणीबद्दल बोलत होत्या. तो हात धुऊन रुमालाला पुसत येत होता. मला बघून त्याचा चेहरा असा उजळला, जणू हे सांगायला त्याला मीच हवी होते. तो सरळ माझ्यासमोर आला. मोठ्यानं नाही, हळूच, छातीशी हात जोडून म्हणाला, "जय भीम, मॅडम. जेवलो मी."

मी त्याच्या खांद्यावरून मागे बघितलं. मांडवाच्या दाराला केळीचे खुंट बांधले होते, तिकडे बघितलं. तो अजून उभाच होता, हात जोडलेलेच. बाईंनी विचारलं, "कोण गं हा?"

मी म्हणाले, "काय माहीत. मला दुसरीच कुणीतरी समजला असेल."

त्यानं ते ऐकलं. हातभर अंतर होतं, ऐकू न येऊन सांगतो कुणाला. त्यानं हात खाली घेतले आणि बाजूनं निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघत बाई सहज म्हणाल्या, "त्यांच्यातला दिसतोय." मी म्हणाले, "हं."

परतीच्या जीपमध्ये मी स्वतःची समजूत घालत होते. रुग्णाची ओळख दाखवायची नसते. तो माझा रुग्ण आहे हे चारचौघींत कळू देणं म्हणजे त्याचा विश्वासघात. अगदी खरं. पण 'जय भीम'ला 'जय भीम' म्हटल्यानं तो कुणाचा रुग्ण आहे हे कुणालाच कळलं नसतं. कळलं असतं ते माझं कळलं असतं. दोन शब्द होते, आणि तात्या ते म्हणायला सायकलवरून उतरत होते.

पुढच्या शनिवारी मुंबईत सुपरवायझर बाईंसमोर टिपणं वाचली. बाई मराठी होत्या, त्यामुळे टिपणं मराठीत चालायची. टिपणाचा एकच नियम आम्हाला पहिल्या दिवसापासून घोटवून घेतला होता: रुग्ण बोलला तो शब्द जसाच्या तसा लिहायचा, आपला शब्द घालायचा नाही. मी लिहिलं होतं, 'विवाहसमारंभात रुग्ण समोर आला. रुग्णाने अभिवादन केले व आपण जेवल्याचे सांगितले. मी ओळख दाखवली नाही. सोबतच्या व्यक्तीने विचारले असता अनभिज्ञता दर्शवली.'

वर्षभराच्या टिपणांत 'अभिवादन'सारखा शब्द माझ्याकडून कधी आला नव्हता. बाईंना तो खटकला नाही. त्या उलट खूश झाल्या. "एवढ्या अवघड क्षणी इतकी तटस्थता!" त्या म्हणाल्या. "भल्याभल्यांना जमत नाही. हे तू सगळ्यांसमोर मांडायला हवंस." मग त्यांनी त्या प्रसंगाचा अर्थ लावला. जेवल्याची बातमी लहान मूल आईला देतं. त्याला मी आई म्हणून हवी होते, सगळ्यांच्या देखत, फक्त त्याची. ते मिळालं नाही म्हणून आता तो चिडेल, आणि तो राग बोलण्यात आणायला त्याला मदत करायची. जे कागदावर होतं त्यावरून हा अर्थ चांगलाच होता.

तो अर्थ मी एसटीतून बारामतीला घेऊन आले आणि मंगळवारी त्याला सांगितला. तो आडवा पडून ऐकत होता. ऐकून म्हणाला, "आसंल, मॅडम."

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत तो चारदा आला नाही. आला तेव्हा कारखान्याचं बोलला, पाळी बदलल्याचं बोलला. एकदा बोलता बोलता म्हणाला, की पुन्हा बॉयलरच्या मागे खातो. मी विचारलं, कधीपासून? म्हणाला, "हाय, आसंच." त्या दिवशी खोलीतून जाताना त्याला खोकला आला आणि तो बाहेरच्या पायरीवर बसून बराच वेळ खोकत होता. मी दाराआड उभी होते. पाणी न्यावं असं वाटलं. पाणी नेणं नियमात बसतं की नाही याचा विचार करत राहिले, तोवर तो उठून गेला.

शेवटच्या दिवशी तो आडवा झालाच नाही. दिवाणाच्या कडेवर माझ्याकडे तोंड करून बसला. "आज बसूनच बोलतो, मॅडम."

"लग्नात माझ्याकडनं चूक झाली," तो म्हणाला. "चारचौघांत मी तुमाला तसं म्हणायला नको हुतं. तुमी तितं नोकरी करताय, तुमाला त्या लोकांत ऱ्हायचं हाय. माझ्या ध्यानातच न्हाय आलं. जेवलो त्याच नादात हुतो."

तो पुढे म्हणाला, "तुमच्या तात्यांनी माझ्या थोरल्या भावाला शिकवलंय. मला पयल्यापासनं म्हाईत हाय तुमी कुणाच्या. म्हणून तर हितं आलो. म्हटलं, आपल्यातल्या हायत, समदं इस्कटून सांगावं लागायचं न्हाय." मग जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "राग धरू नका."

तो माझी माफी मागत होता. मी त्याला ओळख दाखवली नाही याबद्दल तो माझी माफी मागत होता, आणि मी ती घेतली. गप्प राहून घेतली. त्या क्षणी मला काय काय बोलता आलं असतं याची यादी मी पुढे अनेक वर्षं करत आले आहे. 'चूक माझी आहे.' 'मी वरकुट्याची.' 'मला लाज वाटली.' नुसतं उठून त्याचा हात धरला असता तरी चाललं असतं. यातलं एकही मी केलं नाही. तो उठला, तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आपली वेळ अजून संपलेली नाही."

"व्हय," तो म्हणाला. "पण जातो."

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. मी उरलेली बावीस मिनिटं त्या खुर्चीतच बसून काढली. रुग्ण आला नाही किंवा निघून गेला तरी विश्लेषकानं त्याची वेळ राखून बसायचं असतं. तेवढं मी व्यवस्थित पार पाडलं. तो पुन्हा आला नाही. वर्ष भरलेलं असल्यामुळे केस धरली गेली.

ऑगस्टमध्ये मुंबईत मी ती सगळ्यांसमोर मांडली. दहा-बारा जण होते, टेबलाभोवती, पुढ्यात वह्या. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, की या केसमध्ये लग्नाचा एक प्रसंग आहे, तो नीट ऐका. मी वाचत गेले. घसा, पोहे, माठ, तांब्याभर पाणी. मग इंदापूरचं ते वाक्य आलं: रुग्णाने अभिवादन केले.

एका सहाध्याय्यानं हात वर केला. "नेमकं काय म्हणाला तो? शब्द काय होते?"

प्रश्न रास्त होता. त्यानं विचारायलाच हवा होता, वर्षभरात असं विचारणारा तो पहिलाच. सगळे माझ्याकडे बघत होते, कुणाच्याही नजरेत काही वाकडं नव्हतं. दिवाणाच्या कडेवर बसून माझी माफी मागणारा तो माणूस मला स्पष्ट दिसत होता. सांगायची इतकी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नाही.

"नमस्कार म्हणाला," मी म्हणाले.

त्यानं वहीत लिहून घेतलं. शेजारच्या दोघांनीही लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, "छान. पुढे वाच."

मी पुढे वाचलं.